टेबलाखालचं कुंकू

ते टेबल मी केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका हॉटेलात त्याच्या शेजारी पितळी पाटी आहे: इंग्लंडमधल्या एका जमीनदाराच्या हवेलीतलं पुरातन टेबल.

दोह्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मेव्हण्यानं फोटो दाखवला तेव्हा मला हसूच आलं. पायांना सिंहाची तोंडं, कडेनं द्राक्षांचे घोस, आणि सगळं सोन्यानं मढवलेलं. "दाजी, हुबेहूब असंच पायजे. गिऱ्हाइकाच्या मजलिसमधी ठेवायचंय." मजलिस म्हणजे इथली पाहुण्यांची बैठक. मेव्हणा फर्निचरच्या शोरूममध्ये विक्रीला होता. त्याला कतारला मीच आणलेला.

सोन्याचा वर्ख लावताना एसी बंद ठेवावा लागतो, नाहीतर पान उडून जातं. भर उन्हाळ्यात दारं लावून, श्वास धरून मी ते काम केलं. वडिलांची रीत होती, चांगली वस्तू परक्या घरी निघाली की खालून, कुणाला दिसणार नाही असं, तिला कुंकवाचं बोट लावायचं. गावाहून निघताना बायकोनं बॅगेत घातलेली पुडी होतीच.

"लेक सासरी पाठवताय काय, दाजी?" मेव्हणा म्हणाला.

"तसंच समज."

पुढं कधीही भेटला की तो सांगायचा, मजलिसमध्ये येणारा-जाणारा कारागिराचं नाव विचारतो आणि मालक तुमचं नाव सांगतो. मी ते फोन करकरून गावभर ऐकवलं. गाढव मी.

मग त्या हॉटेलात काउंटरचा ड्रॉवर दुरुस्त करायला गेलो आणि लॉबीत ते दिसलं. पाटी वाचून वाटलं, दुसरं असेल. पण एका सिंहाचा डावा दात माझ्याच पटाशीनं उडाला होता, तो तसाच तुटका होता. मी खाली वाकलो. कुंकवाची जागा घासून पांढरी केलेली. ती जागा मला आणि मेव्हण्यालाच ठाऊक होती.

तिथूनच त्याला फोन लावला.

"अँटिक म्हणून विकलं, दाजी. खाली कुंकू दिसलं असतं तर खलास."

"मग माझं नाव निघतं म्हणून का सांगत होतास?"

"तुम्हाला बरं वाटायचं ना."

टेबल खोट्या नावानं गेल्याचं मी सोसलं असतं. पण यानं मला लहान पोरासारखं खुळखुळा देऊन बसवलं होतं, त्याचा संताप आला.

"आणि कुंकू? ते तूच पुसलंस?"

"पॉलिश पेपर मारला. कुंकूच तर होतं, दाजी."

"तुझ्या बहिणीचं होतं," मी म्हणालो.