नारिंगी बॅच

तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं काढली की रंगातलं आपल्याला सगळं कळतं, असं वाटायला लागतं. त्या सकाळी लघवी भडक नारिंगी झाली तेव्हा मी कुणालाही न विचारता निदान करून टाकलं: रंग अंगात गेला. प्लांटमध्ये आठवडाभर नारिंगी बॅचच चालू होती. थेट सेफ्टीच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कोई दवाई चल रही है?" मी छातीठोकपणे नाही म्हणालो. औषध आजारी माणूस घेतो, मी तर ठणठणीत होतो. साहेबांनी बॅच थांबवली आणि अख्ख्या पाळीला तपासणीच्या बाटल्या देऊन रांगेत उभं केलं.

आजारी होता मेव्हणा. मासवणहून कामाला आलेला, बोईसरला आमच्याच घरी राहणारा. आदल्या दिवशी सकाळी त्याला ताप आला, दुपारी मान ताठ, अंगावर जांभळे डाग, संध्याकाळी बेशुद्ध. डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला बाहेर बोलावून सांगितलं, मेंदूच्या आवरणाला सूज आहे. जंतू जुनाच, पण आता जो दिसतोय तो वाण जास्त जहाल. पूर्वी हाताशी एखाददुसरा दिवस तरी असायचा, आता तास मोजायचे. वाचेल का, ते आज सांगता येणार नाही. एवढं माझं पाठ झालं; दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी ते तीनदा सांगितलंही. मग घरातल्यांना लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांनी आम्हाला कॅप्सूल दिल्या आणि त्याबद्दल काहीतरी सांगितलं. तेव्हा मी कॅप्सूल गिळत मनात 'जहाल वाण' घोळवत होतो.

रांगेत एकाचीही लघवी नारिंगी निघाली नाही. साहेबांनी मला घरच्यांना फोन लावायला सांगितलं. बायको दवाखान्यात होती; तिला लघवीचं सांगितलं.

"माझी पण तशीच हाय," ती म्हणाली. "कॅप्सूलनं होते, डॉक्टर बोलले ना." मग म्हणाली, "त्यानं अजून डोळे उघडले नाय."

चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले. डावा कान मात्र गेला, तो परत यायचा नाही म्हणाले. या वेळी मी शब्दन् शब्द ऐकला. त्याला घरी आणल्यावर पहिल्याच जेवणाला मी त्याच्या डावीकडे बसून त्याला तेच समजावू लागलो. बायकोने माझं ताट उचललं आणि पलीकडे ठेवलं.

"तुमी उजवीकडं बसा," ती म्हणाली. "आणि डॉक्टर काय बोलले ते मी सांगते त्याला."