मळ्यातल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा संशय

लग्न होऊन मी वडनेर भोलजीच्या बाजूच्या मळ्यात राहायला आले, तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमच्या घरात कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. सासऱ्यांना वाटायचं, आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे काहीतरी शिजवतो. सासूबाईंना वाटायचं, बांधापलीकडचा शेजारी आमची वांगी तोडून नेतो. मीही काही कमी नव्हते. दूध नासलं तरी मी आधी माणसांकडे बघायचे आणि मग मांजरीकडे. घरात कोणावरही संशय न घेणारा एकच जीव होता, तो म्हणजे कुत्रं.

तांबडं, थोराड, तोंडाशी पांढरं पडलेलं. सासऱ्यांनी ते पिल्लू असताना आणलं होतं आणि दोघं मिळून मळ्याची राखण करायचे. दुसऱ्या कुत्र्यांशी त्याचं कधी वाकडं नव्हतं. शेजाऱ्याचं काळं कुत्रं रोज आमच्या पाटाचं पाणी प्यायला यायचं, आणि मग दोघं निंबाखाली खुशाल झोपायची.

एका सकाळी आमच्या कुत्र्याने त्याच काळ्याचा कान फाडला. मी मिरच्या तोडत होते, माझ्या डोळ्यांदेखत घडलं. काळं नेहमीसारखं मागून आलं, हुंगायला वाकलं, आणि आमचं असं उलटलं की मला कळायच्या आत रक्त. थोड्या दिवसांनी गाडीमागून चाललेल्या एका कुत्र्याला धरलं, मग वाटेने जाणाऱ्या आणखी एकाला. माणसांना ते काही करत नव्हतं, पण ते कोण ऐकतो?

गावाचा निकाल लगेच लागला. कुत्रं पिसाळलं. सासूबाईंनी घमेल्यात पाणी ठेवून पाहिलं, तर ते घटाघटा प्यालं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, असं सगळेच म्हणत. तरी सासूबाई म्हणाल्या, "आज पेलं, उद्या पेईन का नाही कोनाले म्हाईत?"

सासऱ्यांचा संशय थेट शेजाऱ्यावर. "त्यानं धोतरा चारला. राखनीचं कुत्रं गेलं म्हंजे बांध सरकवाले मोकळा." मला ते पटलं. मी बांधावर जाऊन पाहूनही आले, तर धोतऱ्याचं झुडूप होतंच. आता धोतरा कोणाच्या बांधावर नसतो? आमच्या बाजूलाही होता. पण संशय घ्यायचाच म्हटल्यावर तेवढं पुरतं.

मग शेजारी आला. कान फाटलेलं कुत्रं दोरीने धरलेलं. आमचे सासरे पाठमोरे बसून दोर वळत होते. तो ओरडून म्हणाला, "बाजाराच्या दिसापरेंत याचा बंदोबस्त करा. नाही तं मीच भाकरीत काही घालून देतो." सासऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. काय हा गर्व, असं शेजाऱ्याला वाटलं असणार असं मी धरून चालले, कारण खरं सांगायचं तर माझ्याच मनात ते आलं होतं.

कारण माझं आणि त्यांचंही बरं चाललं नव्हतं. तेव्हा सून सासऱ्यांसमोर येत नसे. बोलायचं तर दाराआडून, आणि तेही हळू, म्हणजे मर्यादा. ते ओसरीवरून विचारायचे, "कोरड्यास काय हाय?" मी दाराआडून सांगायचे, "वांगी हायेत, वाढते." ते थोडा वेळ थांबायचे आणि उठून कोरडी भाकर घेऊन मळ्यात निघून जायचे. वर सासूबाईंना म्हणायचे, "सून तोंड फुगवून राहते. तुमी दोघी काय कुजबुजता, मले समजत नाही असं वाटते का?" मला इतका राग यायचा की पीठ मळताना परात हलायची. मी मानाने बोलते आणि हा माणूस मलाच उद्धट ठरवतो.

बाजार तोंडावर आला. एका दुपारी मी विहिरीजवळ भांडी घासत होते आणि पितळेची मोठी परात हातातून सुटून दगडावर आपटली. निंबावरचे कावळे उडाले. बैलांनी माना वर केल्या. सासूबाई आतून ओरडल्या, "काय फोडलं?" दोघांनी मात्र मान वळवली नाही. एक कुत्रं, आणि दुसरे त्याच्याशेजारी माझ्याकडे पाठ करून दोर वळत बसलेले सासरे.

माझा स्वभाव संशयी, त्यामुळे मी परात उचलली आणि मुद्दाम पुन्हा आपटली. सासूबाईंनी दोन शिव्या हासडल्या. ते दोघं तसेच.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं उलगडलं. काळं कुत्रं मागून आलं होतं. गाडीमागचं मागून, वाटेवरचंही मागून. पूर्वी पावलं ऐकू यायची, म्हणून ते निवांत असायचं. आता एकदम अंगावर कोणीतरी आलेलं कळायचं, आणि ते घाबरून चावायचं. आणि मी तरी कुठून बोलत होते? दाराआडून.

मी हात पुसले, वळसा घालून गेले आणि सासऱ्यांच्या समोर उभी राहिले. पदर डोक्यावर होता, तोंड उघडं. सासूबाई दारात येऊन थिजल्या.

"मामाजी, कुत्रं पिसाळलं नाही. त्याले ऐकू येत नाही. मांगून कोनी आलं का ते भेते."

ते माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होते. हातातला दोर थांबला. मला वाटलं, आता घरातून काढतात.

"मले म्हाईत हाय," ते म्हणाले.

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"बहिऱ्याले राखनीवर कोन ठेवते?"

ज्या माणसावर मी इतके महिने दात खात होते, तो नुसता भेदरलेला होता.

आम्ही कुत्र्याची जागा बदलली. विहिरीच्या भिंतीला पाठ लागेल अशी केली, म्हणजे जो येईल तो समोरूनच येईल. मग शेजाऱ्याला बोलावलं. त्याला मी काळं कुत्रं दुरून, समोरून आणायला सांगितलं. आमच्या कुत्र्याने त्याला पाहिलं, ते उठलं आणि त्याने शेपूट हलवली. काळं जवळ यायला तयार नव्हतं, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

सासऱ्यांनी शेजाऱ्याला मोठ्याने सांगितलं, "त्याले ऐकू येत नाही. मलेही नाही."

शेजारी आपल्या कुत्र्याच्या मानेवर हात फिरवत, खाली बघत म्हणाला, "तुमचं तं साऱ्या गावाले म्हाईत हाय. कुत्र्याचं तेवढं मालूम नव्हतं. राहू द्या त्याले."

"काय म्हनला?" सासऱ्यांनी मला विचारलं.

मी समोर गेले. "राहू द्या म्हनतात."

त्यांचे डोळे बारीक झाले. "एवढा वेळ तोंड हालवलं त्यानं, अन एवढंच म्हनला?"

मग मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. शेजारी ओशाळून बांधाकडे बघू लागला. सासऱ्यांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

"साऱ्या गावाले म्हाईत होतं, तरी मळा जागच्या जागी हाय. मंग आमी दोघं इतके दिवस राखन कायची करून राह्यलो होतो?"

मी अजून त्यांच्या समोरच उभी होते.

"आमची, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि या वेळी संशय घेतला नाही.