हिलालभाऊंची तारीफ

साक्रीच्या बाजारात बैलांचे दलाल म्हणून हिलालभाऊंच्या जिभेचा मोठा लौकिक. मरतुकड्या गोऱ्ह्यालाही ते असं वाखाणत की त्याच्या धन्यालाच वाटावं, आपण हा विकतोय तरी कशाला! उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा तो मागाहून, आधी तारीफ. लंगडा बैल त्यांच्या तोंडी 'शांत चालीचा' व्हायचा, आणि आंधळा 'कुणाकडे वाकड्या नजरेनं न बघणारा'. आता यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा!

पण गावातल्या जीवरामनं त्यांच्या शब्दावर एक पांढरा बैल घेतला आणि नांगराला जुंपल्याबरोबर तो बैल शेतात मधोमध बसला. तेव्हापासून जीवराम चारचौघांत म्हणायचा, "हिलालभाऊ जेनी तारीफ करस, तो बशी जास." हिलालभाऊ हसण्यावारी न्यायचे. धंदा म्हटला की हे चालायचंच.

यंदा मात्र पंचाईत झाली. उपकारस्तुतीच्या रविवारी चर्चमध्ये स्तोत्र वाचून देवाची स्तुती करायचं काम पाळक नवीन गावित यांनी त्यांच्यावर टाकलं. पूर्वी हे काम त्यांची मुलगी रत्ना करायची. तापानं ती गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या आईनं, म्हणजे हिलालभाऊंच्या बायकोनं, ताईबाईंनी एवढंच सांगितलं, "रत्नानी जागावर उभा ऱ्हाशात. तठे लोके हसनात, तं मी परत चर्चमा येवाव नही."

हिलालभाऊंनी घरी तालीम सुरू केली. हात वर केला, घसा खाकरला आणि सुटलेच, "असा देव पंचक्रोशीत नाही मंडळी! उभा बघा, चालवून बघा!"

ताईबाईंनी लाटणंच उगारलं. "देवले बाजारमा उभा करा का तुम्हीन?"

हिरमुसले होऊन ते पाळकांकडे गेले. म्हणाले, "साहेब, दुसरा कुणी बघा. मी ज्याची स्तुती करतो, लोक त्याचे दात बघतात. माझ्यामुळे देवावर संशय यायचा."

"आधी स्तोत्रं वाचा तर खरी," पाळक म्हणाले.

मग रोज जेवणं झाली की हिलालभाऊ अक्षरावर बोट ठेवून वाचू लागले. ताईबाई तांदूळ निवडत ऐकायच्या. एके दिवशी हिलालभाऊ थबकले. स्तोत्र रचणारा चक्क देवाशी भांडत होता! मला विसरलास का, तोंड का लपवतोस, किती वाट बघायची! आणि त्याच दमात तो स्तुतीही करत होता.

"अवं, हाऊ गडी तं गिऱ्हाईकसारखा बोलस!" हिलालभाऊ ओरडलेच. दलाल कधी खोड सांगत नाही. खोड सांगतो तो ज्यानं जुंपून पाहिलंय तो, आणि तरी तो बैल दावणीला ठेवतो. अशा माणसाची तारीफ निराळी. ताईबाई भिंतीवरच्या रत्नाच्या फोटोकडे बघत राहिल्या.

रविवारी हिलालभाऊ उभे राहिले. पुढच्याच बाकावर जीवराम हसू तयार ठेवून बसला होता. हिलालभाऊंनी स्तोत्र वाचलं आणि पुस्तक मिटलं. हात सवयीनं उपरण्याखाली गेला होता, तो त्यांनी बाहेर काढला.

"देवा, मनी रत्ना तापमा पडनी, तवय मी तुले रातदिन हाका मार्‍यात. तू ऐकं नही. तो राग आजबी शे." त्यांनी ताईबाईंकडे पाहिलं. "पण ज्वारी तूच उभी करी. ताईबाईले तूच सांभाळं. आनि तुनाबिगर माले करमस नही. तू चांगला शे देवा. आज माले काही इकनं नही शे."

कुणी हसलं नाही. ताईबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या रडत होत्या, अगदी उघड.

बाहेर चपला घालताना जीवराम जवळ आला. टोपी काढून उगाच झटकली, पुन्हा घातली. मग हिलालभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "भाऊ, हाऊ काही बसाव नही."