नानांची खाट

दिवेलागणीला आमच्या गल्लीतली माणसं देवापुढे दिवा लावण्याआधी एक गोष्ट बघून घेत, ती म्हणजे नानांची खाट. ती अंगणात टाकलेली दिसली की घराघरातून गोधड्या बाहेर निघत. ती घरात गेली की सारी गल्ली निवांत आत निजायला जाई. भडगावच्या अलीकडे, गिरणेकाठी हे गाव. मी इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि नानांच्या शेजारची खोली मिळाली, म्हणून हा प्रकार मला रोज जवळून दिसे. आधी मला हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता गावाखालची जमीन गडगडायला लागली होती. मांडणीवरची भांडी वाजत, गुरं दावी ओढत, आणि लगेच सगळं थांबे. नाना धरणावरच्या भूकंपमापक यंत्राची देखरेख करायचे. त्यामुळे गावाची पक्की समजूत, की नानांना सगळं आधी कळतं, वरून मनाई असेल म्हणून बोलत नाहीत. तोंडाने बोलले नाहीत तरी स्वतःचा जीव तर वाचवतीलच ना! म्हणून खाटेवर नजर.

नाना काकुळतीला येऊन सांगायचे, "अरे भो, मन्हं यंत्र व्हयेल गोष्ट सांगस, व्हनारी नही सांगत. भूकंप कव्हय ई, माले काय मालूम?"

समोरचा डोळा मिचकावून म्हणायचा, "नाना, आमले उल्लू नका बनावा. आज खाट कोठे टाकशात, इतलंच सांगा."

भूकंपाची तारीख जगात कुणालाच सांगता येत नाही, हे मी वर्गात फळ्यावर चित्रं काढून शिकवलं. मोबाईलवर मात्र तारखांवर तारखा फिरत होत्या. संध्याकाळी त्याच पोरांचे बाप नानांच्या कुंपणाशी माना उंचावून उभे असत.

नानांना धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्याकडची घरं धाब्याची. दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळया, तुळयांवर काड्या आणि काड्यांवर खारी माती. पावसात गळू नये म्हणून दर उन्हाळ्याअखेर तिच्यावर नवी खारी टाकायची. जुनी कुणी काढत नाही. आज्याने टाकली तिच्यावर बापाने, बापाच्या मातीवर लेकाने. नाना वर बोट करून म्हणायचे, "वरतून देव काही टाकत नही. आपन चढाडं, तेच खाले ई." माती उतरवा, पत्रे टाका, भिंतींचे कोपरे लाकडाने बांधून घ्या, असं सांगत ते दारोदार फिरले. लोक चहा पाजत आणि म्हणत, "पत्रा उन्हायामा तापस, नाना." हेही खोटं नव्हतं. वैशाखात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो.

मग नानांनी खाट बाहेरच ठेवली. निदान रात्री तरी माणसं त्या मातीखाली नकोत, एवढाच त्यांचा हेतू. मार्गशीर्षाची थंडी पडली. नाना खोकायला लागले, गल्लीतली पोरंही. एक बाई तोंडावर बोलली, "नाना, तुमना मुये मन्हं लेकरू तापमा फनफनी ऱ्हायनं." नानांनी मान खाली घातली. ती गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, मझार धाडू त मातीखाले मरतीन, बाहेर ठेवू त थंडीमा. काय करू मी?" 

गल्लीच्या तोंडाशी एकट्या राहणाऱ्या अक्कांचं धाबं सगळ्यांत जाड. नानांचा हिशेब साधा होता, अक्कांनी उतरवलं तर सगळी गल्ली उतरवेल. अक्का मात्र बधत नव्हत्या. "मन्हा सासरानी टाकेल माती शे. मी नही काढाव." पण एका सकाळी त्या स्वतःच नानांच्या दारात आल्या. "उतार रे बाबा मन्हं धाबं. पन आज मझार जप. तुन्हा खोकला माले आते ऐकावत नही."

नानांनी स्वतःच्या गोठ्याचे पत्रे उचकटून आणले. आम्ही पाट्या भरभरून माती खाली टाकत राहिलो. दुपारपर्यंत दारासमोर छातीएवढा ढीग झाला. अक्का त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या. "माय वं! याना खाले मन्हा पोरे लहानना मोठा व्हयनात?" नाना हसले. मी त्यांना तेवढंच एकदा मोकळं हसताना पाहिलं. आत निजायच्या दिलेल्या शब्दाला जागून त्यांनी त्या संध्याकाळी खाट आत नेली. आणि ते बघून सगळी गल्लीही आत गेली.

सकाळी शाळेला निघालो तर अक्कांच्या ढिगाभोवती घमेली घेऊन माणसं. जुनी मुरलेली खारी, अशी आता मिळत नाही म्हणे. खाली ठेवली तर गुरं तुडवतील, म्हणून जो तो ती थेट आपल्याच धाब्यावर चढवत होता. नाना एका शिडीखाली हात जोडून उभे होते. "नका रे भो, नका चढाडू!"

वरून उत्तर आलं, अगदी मायेने. "नाना, तुम्हीच त काल मझार जपनात. आते कसानी भीती?"

नाना शिडी धरून खालीच बसले. असं मोडलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी खाट पुन्हा अंगणात ओढली. मी अडवलं, नानांच्या पत्नी, काकू, रडल्या. "मन्ही खाट मझार ऱ्हायनी, त बठ्ठी गल्ली मझार," एवढंच ते म्हणाले. थंडी छातीत उतरली. जळगावच्या दवाखान्यात शुद्धीवर आले की एकच प्रश्न, "खाट कोठे शे?" काकू म्हणायच्या, "बाहेर शे." मग डोळे मिटायचे. तिथेच ते गेले.

मोठा भूकंप अजून आलेला नाही. उद्या येईल किंवा माझ्या नातवंडांच्या हयातीतही यायचा नाही. अधूनमधून जमीन गडगडते, आणि अक्कांचं घर सोडलं तर एकाही धाब्यावरची माती उतरलेली नाही. गेलेल्या माणसाची खाट आमच्याकडे देऊन टाकतात. काकूंनी ती दिली नाही. रोज संध्याकाळी त्या एकट्याच ती ओढत अंगणात आणतात आणि वर नानांची गोधडी अंथरतात. नाना नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी गल्ली वाकून बघते आणि आपापल्या गोधड्या बाहेर काढते.

काल काकूंना ताप भरला. दिवे लागायच्या आत मी गेलो आणि खाट उचलून अंगणात टाकली. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "मास्तर, काही समजनं का?"

मी वर नानांची गोधडी अंथरली.