तिच्या हातच्या चहाचा वास

त्या प्रकरणासाठी मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. चहाचा कप तोंडाजवळ नेला की ते आपोआप आठवतं. आता मी खात्यात नाही. काही वर्षं फौजदार म्हणून काम केलं आणि मग राजीनामा दिला. त्याची कारणं माझ्यापाशीच राहू देत. या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, म्हणून ते कुठल्या तक्त्यातही सापडणार नाही.

तेव्हा मी मुखेडला होते. उन्हाळा सुरू झाला होता. सकाळची हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदारानं ग्रामीण रुग्णालयातून आलेली एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायलाच हवं अशा रुग्णाची, चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. पासष्टीचा एक माणूस चहा प्यायल्यावर रक्ताच्या उलट्या करत दाखल झाला होता. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं : विषबाधेचा संशय, नातेवाइकांच्या सांगण्यावरून.

नातेवाईक म्हणजे त्या माणसाची बायको. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होती. मी जबाब घ्यायला लागले तर तिनं मला शेवटापासून सांगायला सुरुवात केली.

"सुनेनं घातलं मॅडम. पंधरा दिस झाले, तिच्या हातच्या च्याला औषधाचा वास हाय. मी करते त्याला न्हाई येत. तीच साखर, तीच पत्ती, तेच दूध. मग वास कुठून येतोय, तुम्हीच सांगा."

"पंधरा दिवस वास येतोय आणि तरी पीत होतात?"

"आधी तिला प्यायला लावत होतो ना समोर. घोटभर पिऊन दाखवायची. गिळायची का न्हाई, देव जाणे."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. पंधरा दिवस एक मुलगी घरच्यांसमोर उभी राहून रोज सकाळ-संध्याकाळ आपल्याच हातच्या चहाचा घोट घेत होती.

मुलगा कृषी सेवा केंद्रात कामाला. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत फवारणीची औषधं ठेवलेली. मी पंच घेऊन गेले, पंचनामा केला, बाटल्या, चहाचं पातेलं, साखरेचा डबा, पत्तीचा डबा ताब्यात घेऊन सीलबंद केले. पातेल्याच्या तळाशी चहा उरला होता. मी हुंगून पाहिलं. वास होता. दवाखान्यातल्या फरशीला येतो तसला, कडवट, नाकात चढणारा. माझा संशय तिथंच पक्का झाला.

सुनेला दुपारी जबाबासाठी बोलावलं. तेवीस-चोवीस वर्षांची, माहेर जळकोटकडचं, लग्नाला दीड वर्ष झालेलं. महिला शिपाई शेजारी, मी समोर. शाळेपासून मी इंग्रजीत शिकलेली, त्यामुळे जबाब लिहिताना अडखळायचे. आमचे हवालदारकाका पंचवीस वर्षांची नोकरी झालेले, ते कागद बघून म्हणायचे, "मॅडम, तुम्ही विचारताय झ्याक, पण माणूस बोलतो कमी. जरा गप बसत जावा." गप्प बसणं मला येतं. मला खरं तर तेवढंच येतं. पण त्या दिवशी मी बोलत राहिले.

चहात काय टाकलं? बाटलीला कधी हात लावला? सासऱ्यांशी भांडण झालं होतं का? नवऱ्याशी? माहेरी जायचं होतं का? कुणी सांगितलं होतं? तेच प्रश्न मी उलटसुलट करून तीन तास विचारले.

"काईच टाकलं न्हाई मॅडम."

"मग वास कशाचा येतो?"

"येतोय, हाव. मलाबी येतोय. कशाचा ते मला कसं ठाऊक असंल?"

सगळ्यांसाठी चहा मागवला. तिनं घेतला नाही. मी वहीत नोंद केली : चहा नाकारला. संशयिताच्या वागण्यातली लहान गोष्ट टिपायची, असं प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. जिला पंधरा दिवस चहा पिऊन इमान सिद्ध करावं लागलं, तिला चहा नको झाला असेल, हे कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

सूर्यास्ताआधी तिला सोडलं. नवरा घ्यायला आला होता. तो मोटारसायकलवर बसला आणि तिला मागं बसायला न सांगता इंजिन चालू करून थांबला. ती बसली. दोघांच्या मध्ये तिनं पिशवी ठेवली.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. म्हातारबुवा शुद्धीवर होते आणि त्यांनी कबूल केलं होतं की गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळ्या आणून ते महिनाभर उपाशीपोटी खात होते, बायकोला न सांगता. पोटात जखम झाली होती. रक्त त्या जखमेचं होतं. "विषाची लक्षणं मला तरी दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पण वासाचं मी सांगू शकत नाही."

वास तर होता. तो माझ्याही नाकानं घेतला होता. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागले असते, आणि तोवर ती त्या घरात काय म्हणून राहणार होती? मी हवालदारकाकांना घेऊन पुन्हा त्या घरी गेले. योगायोगानं तो नळाचा दिवस होता. आठवड्यातून एकदा पाणी यायचं.

मी अंगणात उभी राहून बघत होते. सासूनं आधी घागर थेट तोटीखाली धरली. एक, दोन, तीन घागरी आत नेऊन रांजणात ओतल्या. मग तोटीला काळी रबरी नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक न्हाणीजवळच्या निळ्या ड्रमात सोडलं.

"घागरी कशाला? रांजणही नळीनंच भरा की," मी सहज म्हटलं.

"नळीचं पाणी देवाला चालत न्हाई मॅडम. रांजण देवाचा हाय. प्यायलाबी त्यातलंच."

मी लातूरला फिल्टर असलेल्या घरात वाढले. माझ्यासाठी घरातलं पाणी एकच असतं. इथं एका घरात दोन पाणी होती आणि मी तीन तासांत ते विचारलं नव्हतं.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला विचारलं, "तू चहाला पाणी कुठलं घेतेस?"

"ड्रमातलं. रांजणाला हात लावायची मला परवानगी न्हाई."

"हे परवा का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही काय टाकलं ते इचारत होता. पाणी कुठलं, ते कुणी इचारलंच न्हाई."

हवालदारकाकांनी घसा खाकरला. नळी कधी आणली, ते त्यांनी विचारलं. पंधरा-वीस दिवसांपूर्वी आठवडी बाजारातून, मुलानं. जुनी फाटली होती.

मी पंच बोलावले आणि सासूला म्हटलं, "आता तुम्ही चहा करा. पाणी मात्र या नळीतून येतंय ते, माझ्यासमोर भरून घ्या."

"माझ्या हातचा कशाला वास मारंल?" ती हसून म्हणाली. तिनं पातेलं स्वतः घासलं, पाणी स्वतः भरलं, पत्ती नव्या पुड्यातली टाकली. सुनेला तिनं चुलीच्या जवळही येऊ दिलं नाही. उकळी आली आणि तोच वास घरभर झाला.

सासूनं पातेल्यावरचं झाकण परत ठेवलं. "ड्रमात कालवलं असंल तिनं कायतरी," ती म्हणाली.

"पाणी ड्रमातलं न्हाई माय, नळीतलं हाय. तुम्हीच भरलंत," हवालदारकाका म्हणाले.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना बोलावलं. त्यांना यात नवल वाटलं नाही. गावात जुलाबाचे रुग्ण वाढल्यानं त्यांनी पाण्यात क्लोरीनची पावडर वाढवली होती. हलक्या रबरातून असं पाणी गेलं की त्याला औषधाचा वास धरतो आणि उकळल्यावर तो जास्त जाणवतो, असं ते म्हणाले. "मातकट वास आला तर धरणाचं पाणी तळाला गेलंय समजा. लोखंडाची चव आली तर पाइप जुना. आणि दवाखान्याचा वास आला तर आधी नळी बघा, नाहीतर तोटीतला वायसर. पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी मिळते, ती घ्या. सुरुवातीचं पाणी सोडून द्या." मग सासूकडे वळून म्हणाले, "थेट तोटीखाली भरता, ते बरोबर करता आजी."

सासूनं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. "मी म्हणतच होते," ती म्हणाली.

सून रडली नाही. तिनं तो चहा मोरीत ओतला आणि पातेलं घासायला घेतलं.

पुढं अहवालही निरंक आला. चौकशी बंद करण्याचा कागद तयार झाला आणि सह्या घ्यायला मी स्वतः गेले. शिपायाला पाठवता आलं असतं. मला वाटलं, मी गेले तर तिला बरं वाटेल.

नळी बदललेली होती. सासरे घरी आले होते. सासू आपला चहा आपणच करून पीत होती. नवऱ्यानं चहाच सोडला होता, घरी तरी. कोपऱ्यावरच्या हॉटेलात तो सकाळी बसलेला दिसतो, हे हवालदारकाकांनी मला आधीच सांगितलं होतं. मी विचारलं, "आता सगळं समजलं ना तुम्हाला?" सासू म्हणाली, "समजलं की. नळीचं होतं. पण मन हाय मॅडम, एकदा धसका घेतला की घेतला."

सुनेनं माझ्यासाठी चहा आणला. मी कप उचलला आणि ओठाला लावायच्या आधी नाकाशी नेला.

क्षणभरच. कित्येक दिवस त्या वासाच्या मागं होते, त्याची सवय झाली असेल, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण ती समोरच उभी होती आणि तिनं ते पाहिलं.

"वास न्हाई येत आता मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली.

आरोप करायला एक वाक्य लागतं, आणि तो खोडायला पंच, अहवाल, सह्या, शिक्के. ते सगळं मी केलं होतं, नियमानुसार, कुठंही कसूर न ठेवता. माझ्या सहीच्या कागदावर ती निर्दोष होती. तो कागद माझ्या मांडीवरच होता.

मी चहा प्यायले, पत्तीच्या गाळापर्यंत. ती कप न्यायला आली. उचलला, आणि आत नेण्याआधी तिरका करून तळाशी किती उरलंय ते बघितलं.