लीलाबाईंना दिलेला कप

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या या फिरत्या वहीत आज लोणच्याची कृती लिहिणार होते. ते राहू द्या. आज दुपारी माझ्या घरी घडलं ते लिहिते.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी मुलीच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंना बोलावलं होतं. त्यांचे वडील रेल्वेतले गोरे गार्ड, आई आपली वर्ध्याकडची. हजेरीपटावर नाव लिली, पण त्या स्वतःला लीला म्हणवतात. नऊवारी नेसून, गजरा माळून घमापुरातून उन्हात पायी आल्या.

सगळ्यांना मी फुलपात्रांतून पन्हं दिलं. त्यांना मात्र चिनी मातीच्या कपातून. परजातीच्या पाहुण्यांसाठी वेगळा ठेवलेला तो कप मीच काढला. कोणी सांगितलं नव्हतं.

"ताई, फुलपात्रं कमी पडली काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो ना," मी म्हटलं. समोर फळीवर चार पालथी होती.

शेजारच्या काकू हसल्या, "अगं, मेमसाहेबला कपच शोभून राहिला!"

"तिकडे रेल्वेच्या क्लबात मला नेटिव्ह म्हणतात, काकू," लीलाबाई म्हणाल्या. "मी कोण ते मला सांगू द्या म्हणते, तर कोणी ऐकूनच नाही राहिलं."

पन्हं त्यांनी सगळं संपवलं. निघताना गौरीला नमस्कार केला, तोही उंबऱ्याबाहेरून.

मी रोज पोथी वाचते, गौर सगळ्यांची आई मानते. तरी उद्या त्या आल्या, तर माझा हात त्याच कपाकडे जाईल, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कोणाचा जाणार नाही?