माइकवरून राहिलेले नाव

सेलूच्या माझ्या साडूंइतका मानाचा भुकेला माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात झाला नाही. आणि पालमचे माझे मेहुणे याबाबतीत दुसऱ्या कोणाचे नाव घेत असतील, तर त्यांना माणसे ओळखता येत नाहीत. कापसाच्या धंद्यात पैसा आल्यावर साडूंनी बंगला बांधला. दिवाणखान्यातल्या सोफ्यावरचे प्लास्टिक अद्याप निघालेले नाही; त्यावर बसण्याच्या योग्यतेचा पाहुणा यायचा आहे. तोवर आम्ही मागच्या ओट्यावर आणि यजमान स्वतः बारदानावर. परंतु त्यांचे खरे वैभव फुले ते लग्नमांडवात. आमच्याकडे अक्षता पडण्याआधी माइकवरून मान्यवरांची नावे पुकारून त्यांना फेटा बांधतात, नारळ देतात. साडू निवेदकासमोरची खुर्ची धरत आणि आपले नाव येईपर्यंत खोकत. नाव आले की खोकला बरा!

लोक सांगतात, मुलीच्या लग्नात त्यांनी पुढाऱ्यासाठी मुहूर्त चुकवला आणि मग रुसून ते जेवले नाहीत. साफ खोटे. मी तिथे उभा होतो. मुहूर्त उशिरा येऊन पुढाऱ्याने चुकवला. साडूंनी केवळ वाट पाहिली. पुढारी आल्यावर निवेदकाच्या कानाशी लागून साडू स्वतःच नावे सांगू लागले: पुढारी, त्यांचे बंधू, बंधूंचे मित्र, शेवटी गाडीचा ड्रायव्हरसुद्धा. त्या भरात वधूपित्याचे नाव राहिले आणि अक्षता पडल्या. मांडवामागे, भाताच्या पातेल्यांपाशी ते मला सापडले. डोळे भरलेले.

“साडूभाऊ, माझ्याच मांडवात माझं नाव न्हाई आलं ओ.”

“सांगायलेवते तर तुमीच!”

“सोताचं नाव सोताच कसं सांगावं? बरं दिसतंय का?”

जन्मभर खोकलेल्या माणसाने हे विचारावे!

त्या दिवसापासून त्यांचा खोकला थांबला. आता धंदा मुलांकडे आहे, पुढारी ओळख देत नाहीत आणि साडू मागच्या रांगेत बसतात. परवा पेडगावच्या लग्नात मी उठून निवेदकाच्या कानाशी लागलो. मी स्वतःचेच नाव सांगायला गेलो होतो, असे मेहुणे पसरवीत आहेत. पसरवू द्या. “सेलूचे प्रतिष्ठित व्यापारी” असा पुकारा झाला तसे साडू दचकले, सदरा सारखा करून हळूहळू पुढे गेले आणि फेटा बांधून परतले. मग शेजारी बसून बराच वेळ माइककडे कान देऊन राहिले. शेवटी दबक्या आवाजात म्हणाले, “तुमचं नाव न्हाई घेतलं का, साडूभाऊ? लय मनाला लावून घेऊ नका.”

आणि आपला नारळ त्यांनी माझ्या पिशवीत सरकवला. मी प्रतिवाद केला नाही.